गच्चीवरून आकाशगंगेचे हात मोजायचा उद्योग: प्रकल्प नोंदी

१७ ऑगस्ट २०२५, रविवार

सुरुवात पुतणीमुळे झाली. नववीत आहे. भूगोलाच्या वहीत तिने आकाशगंगेचं चित्र काढलेलं, छान गोल गरगरीत, मधे पिवळा गोळा, चार हात आणि एका हातावर बाण मारून "आपण इथे". मग मला विचारते, काका, हा फोटो काढायला कोण गेलं होतं बाहेर? म्हटलं कोणीच नाही गं, चित्र आहे ते. तर म्हणे मग कशावरून स्पायरल, म्हणजे भोवऱ्यासारखी आहे? गोल ताटलीसारखी पण असेल की.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की आपल्याला फक्त "शास्त्रज्ञांनी शोधून काढलं" एवढंच येतंय. १५ वर्षं रात्री डोंगरावर जाऊन दुर्बिणीला डोळा लावतोय आणि हे येत नाही, लाज वाटली.

तर ठरलं. पुण्यातल्या आमच्या गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी आकाशगंगेचा पट्टा दिसणं शक्य नाही (शनिवारवाड्याचे लाइट आमच्या आकाशात), आणि दिसला तरी तो आडवा दिसतो, आपण ताटलीच्या आतच बसलोय ना. पण हायड्रोजन रेडिओवर ऐकू येतो. फ्रिक्वेन्सी १४२०.४ मेगाहर्ट्झ, तरंगलांबी २१ सेंमी. ढगातून येतो, पावसातून येतो, दिवसाही येतो, धुळीतून तर येतोच. एकेकटा अणू हे सिग्नल सरासरी एक कोटी वर्षांत एकदा सोडतो, पण अणूच इतके आहेत की डब्यात पकडता येतो. हो, डब्यात.

२३ ऑगस्ट

डबा प्रकरण. आधी वाटलं किराणावाल्याकडचा १५ किलोचा तेलाचा चौकोनी डबा चालेल. घेतला, घासला, आईने तेवढ्यात त्यात तुळस लावायची असं ठरवून टाकलं. मग हिशोब केला तर डबा जास्तच रुंद निघाला. रुंदी साडेदहा सेंमीच्या वर पाहिजे, नाहीतर २१ सेंमीची लाट आत शिरतच नाही, आणि २१ च्या खाली पाहिजे, नाहीतर लाट आत जाऊन नको त्या पद्धतीने नाचते. तेलाचा डबा २३. तुळस जिंकली.

शेवटी रंगवाल्याकडून थिनरचा रिकामा पत्र्याचा डबा आणला, १७ बाय ११, वासाने दोन दिवस डोकं दुखलं. वरचं झाकण पूर्ण कापलं. बुडापासून ६.७ सेंमीवर भोक, तिथे कनेक्टर, कनेक्टरला ५.२ सेंमीची तांब्याची तार. हीच अँटेना, बाकी सगळा हॉर्न म्हणजे नुसतं नरसाळं. नरसाळ्यासाठी बॅनरवाल्याकडची जुनी सनपॅक शीट कापली, आतून स्वयंपाकाचा फॉइल लावला तो वाऱ्याने अर्ध्या तासात फाटला, म्हणून एसीच्या डक्टला लावतात ती ॲल्युमिनियमची टेप घेतली. तोंड ७५ बाय ६० सेंमी. दिसायला लग्नातल्या जुन्या कर्ण्यासारखं दिसतंय.

३० ऑगस्ट

तपकीर गल्लीतून केबल, कनेक्टर. १४२० चा फिल्टर असलेला एलएनए (क्षीण सिग्नल मोठं करणारा ॲम्प्लिफायर) आणि यूएसबीचा एसडीआर डोंगल (सिग्नल लॅपटॉपवर आणणारा छोटा रेडिओ) आधीच मागवलेला. सगळं जोडलं. स्क्रीनवर नुसतं गवत, म्हणजे खरखर.

तसं गवतात खुंट खूप आहेत पण ते आमच्याच बिल्डिंगचे. १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झचा पट्टा जगभर रेडिओ खगोलशास्त्रासाठी राखीव आहे, त्यात कोणी ट्रान्समिट करायचं नाही, पण हे स्वस्तातल्या एलईडी बल्बला कोण सांगणार. गच्चीच्या जिन्यातला बल्ब बंद केला की तीन खुंट गायब. लॅपटॉपचा चार्जर काढला की अजून दोन. लिफ्ट चालली की सगळी स्क्रीनच उडी मारते, त्याला इलाज नाही, रात्री साडेअकरानंतर लिफ्ट शांत असते एवढं कळलं.

७ सप्टेंबर

काम शून्य. काल अनंत चतुर्दशी, दुपारपासून लक्ष्मी रोडला होतो. पण एक गोष्ट लिहून ठेवतो, नंतर उपयोगी पडेल. मी एका चौकाजवळ दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभा होतो. चौकात कायम तुंबलेली गर्दी, दोन तास बघतोय, गर्दी तिथेच. पण माणसं तीच नाहीत! पिवळ्या फेट्यांचं पथक आलं, चौकात येऊन थबकलं, दाटलं, जोर चढला, दहा-पंधरा मिनिटं वाजवलं आणि पुढे मोकळ्या रस्त्याला लागलं, तोवर मागचं पथक त्या जागी. वरून फोटो काढला तर दर वेळी चौकात तोच गर्दीचा पट्टा येईल. आणि खाली पथकाच्या मधोमध ताशा वाजवणाऱ्याला मिरवणुकीचा आकार विचारा, त्याला फक्त समोरच्याची पाठ दिसते.

१४ सप्टेंबर

रात्रभर पाऊस. प्लास्टिक बांधलं होतं ते सुटलं, सकाळी हॉर्नमधून दीड-दोन लिटर पाणी ओतलं. एलएनए वाचला कारण तो बाहेर आइस्क्रीमच्या डब्यात होता.

चिडचिड झाली पण मग आठवलं, पहिल्यांदा हे सिग्नल पकडणाऱ्यांचंही हेच झालं होतं. १९४४ साली, हॉलंड जर्मनांच्या ताब्यात असताना, व्हॅन डे हुल्स्ट या तरुण पोराने कागदावर गणित करून सांगितलं की हायड्रोजनचं २१ सेंमीचं सिग्नल यायला हवं. ते पकडलं २५ मार्च १९५१ ला, हार्वर्डमधे युएन आणि पर्सेल यांनी, तेही लाकडाच्या हॉर्नने, आतून धातू लावलेला आणि लॅबच्या खिडकीतून बाहेर काढलेला. त्या हॉर्नमधून पावसाचं पाणी लॅबमधे यायचं आणि हिवाळ्यात पोरं त्यात नेम धरून बर्फाचे गोळे मारायची. पर्सेल पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका कामासाठी नोबेल घेऊन गेला. आमच्याकडे बर्फ नाही, कबुतरं आहेत.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री अमावस्या

मिळालं!!

पद्धत अगदी सोपी ठेवली. हॉर्नचं तोंड सरळ वर, हलवायचाच नाही, आकाश फिरेल ते फिरेल. या दिवसात रात्री आठच्या सुमारास आकाशगंगेचा पट्टा पुण्याच्या बरोब्बर डोक्यावरून जातो, अभिजित आणि श्रवण यांच्या मधून. ढग होते, काही दिसत नव्हतं. साडेसहापासून दर दहा मिनिटांची सरासरी काढत गेलो. आधी सपाट रेघ. सव्वासातला वाटलं काहीतरी फुगतंय. आठला १४२०.४ च्या आसपास चक्क टेंगूळ, गवतावर आलेलं गुळगुळीत टेंगूळ. दहा वाजेपर्यंत उतरत उतरत बसकं झालं.

बिल्डिंगचा कचरा असता तर असा आकाशाच्या तालावर आला-गेला नसता. तरी खात्री म्हणून उद्या परत बघणार, उद्या चार मिनिटं लवकर आलं पाहिजे, तारे रोज चार मिनिटं लवकर येतात.

(२२ ला रात्री जोडलं: आलं. चार मिनिटं एवढ्या मोठ्या टेंगळात मोजता येत नाहीत हे मान्य, पण लवकर आलं.)

पुतणीला फोन केला. म्हणे यात स्पायरल कुठाय?

२८ सप्टेंबर

स्पायरल नंतर, आधी फिरणं. टेंगळाची रुंदी हीच माहिती आहे. वायू आपल्याकडे येत असेल तर फ्रिक्वेन्सी थोडी वर सरकते, लांब जात असेल तर खाली, दर सेकंदाला १ किमी म्हणजे ४.७ किलोहर्ट्झ. एका दिशेला बघितलं की त्या रेषेवरचा सगळा वायू एकदम दिसतो, जवळचा लांबचा सगळा, अंतर कळत नाही, फक्त वेग कळतो. पण केंद्राच्या बाजूला बघत असलो तर एक युक्ती आहे, त्या रेषेवर सगळ्यात जोरात पळताना दिसणारा वायू हा रेषेवरच्या केंद्राला सगळ्यात जवळच्या जागी असतो. म्हणजे टेंगळाची टोकाची कड पकडायची, बास, जागा पण मिळाली आणि वेग पण.

केंद्रापासून पट्ट्यावरून ३० अंश, ४०, ५०, ६०, ७० असे पाच ठिकाणी हॉर्न रोखला. गरुडापासून हंसापर्यंत. कोन मोबाइलच्या लेव्हल ॲपने. हॉर्नची नजरच मुळात २० अंश रुंद आहे, ४० पौर्णिमेचे चंद्र एका रांगेत मावतील एवढी, त्यामुळे कोनाच्या एका अंशावरून भांडण्यात अर्थ नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

शस्त्रपूजेला हॉर्न, डोंगल आणि सोल्डरिंग गन. आईने हॉर्नला झेंडू बांधला.

दुपारी आकडे मांडले. ३० अंशाला फिरण्याचा वेग सेकंदाला २७५ किमी, ७० अंशाला २५२. म्हणजे बाहेर जावं तसा वेग कमी. सुंदर उतरता आलेख, सूर्यमालेत जसं बुध पळतो आणि नेपच्यून रमतगमत जातो तसाच. फक्त हे चूक आहे! १९७० साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिका (आपल्या शेजारची दुसरी आकाशगंगा) मोजली तेव्हापासून एकामागून एक स्पायरल मोजल्या गेल्या आणि जवळपास सगळ्यांचा आलेख सपाट. बाहेरच्या ताऱ्यांना तेवढ्या वेगात धरून ठेवायला दिसणारं वस्तुमान पुरत नाही म्हणून तर डार्क मॅटर, म्हणजे न दिसणारं वस्तुमान. आणि मी थिनरच्या डब्याने ते गायब केलं. रेडिओवाल्या मित्राला ग्राफ पाठवला, त्याचा रिप्लाय: "अभिनंदन. चिन्ह बघ."

४ ऑक्टोबर

चिन्हच होतं. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किमीने पळते, ते वजा करावं लागतं. या दिवसात आपण धनू राशीच्या दिशेपासून लांब पळतोय, आणि मी वजा करायच्या जागी मिळवत होतो. ३० अंशाला त्याने ५५ चा फरक पडतो, ७० ला ३० च्या आसपासच, कारण तिकडे आपण तिरके पळतोय. म्हणून तो उतार. खरा उतार नव्हताच, माझ्या चुकीचा उतार होता, आणि असा चपखल की सूर्यमाला डोक्यात असलेल्या माणसाने पेढेच वाटले असते.

दुरुस्त आकडे, सूर्याचा वेग २२० आणि केंद्रापासून अंतर २६,७०० प्रकाशवर्षं धरून: केंद्रापासून १३ हजार प्रकाशवर्षांवर २२०, १७ हजारांवर २२६, साडेवीस हजारांवर २२४, २३ हजारांवर २२८, २५ हजारांवर २२१. पुढेमागे १० सोडा. सपाट. पाटासारखा सपाट.

आता गंमत इथून सुरू होते. वेग सगळीकडे सारखा, मग अर्ध्या अंतरावरचा तारा एका फेरीच्या वेळात दोन फेऱ्या मारणार. सूर्याला एक फेरी मारायला २२-२३ कोटी वर्षं लागतात, जन्मल्यापासून त्याच्या २० फेऱ्या झाल्या. म्हणजे आतल्याच्या ४०. हे हात जर ताऱ्यांचे कायमचे दोरे असते तर एवढ्यात भोवऱ्याच्या जाळीसारखे घट्ट गुंडाळून एकजीव झाले असते. पण दुर्बिणीतून दिसणाऱ्या स्पायरलचे हात बघा, मोकळे, एखादा-दीड वेढा फार तर.

म्हणून लक्ष्मी रोडचा चौक. लिन आणि शू या शास्त्रज्ञांनी १९६४ मधे हेच गणितात मांडलं, हात ही वस्तू नाही, दाटीची लाट आहे. तारे आणि वायू मागून येतात, हातात शिरले की जरा रेंगाळतात, दाटतात, पुढे निघून जातात. वायू दाबला गेला की नवे तारे पेटतात, त्यातले मोठे निळे जेमतेम तीस-चाळीस लाख ते एक-दोन कोटी वर्षं जगतात, हातातून बाहेर पडायच्या आत संपतात. म्हणून फोटोत हात निळे आणि मधे मधे गुलाबी ठिपके, हातांच्या आतल्या कडेला धुळीची काळी रेघ. खरं तर दोन हातांच्या मधल्या जागेत तारे काही फार कमी नसतात, फक्त तिथे ढोल वाजत नाही.

सगळ्याच स्पायरल अशा शिस्तीच्या नसतात हेही खरं. लॉर्ड रॉस यांनी १८४५ ला आयर्लंडमधल्या ७२ इंची दुर्बिणीतून एम५१ नावाच्या दीर्घिकेत पहिल्यांदा भोवरा बघितला, ती दोन ठसठशीत हातांची, शिवाय शेजारच्या छोट्या दीर्घिकेने ओढलेली. काहींचे हात मात्र पिंजलेल्या कापसासारखे तुकड्या-तुकड्यांचे असतात, तिथे एक मोठी लाट वगैरे नाही, जागोजागी पेटतं आणि फिरण्यामुळे ते लांबट ताणलं जातं. आणि हात टिकतात किती, की सारखे मोडून नवे बनतात, यावर अजून वाद आहेत. वाद असलेलं बरं वाटतं मला.

६ ऑक्टोबर, कोजागिरी

गच्चीवर अख्खी सोसायटी. मसाला दूध, भेळ, अंताक्षरी. पाचव्या मजल्यावरचे काका हॉर्नकडे बोट दाखवून, "याच्यातून रेडिएशन बाहेर नाही ना पडत?" म्हटलं काका, हा फक्त कान आहे, याला तोंड नाही. समाधान झालं नाही पण दूध दिलं.

पूर्णचंद्र, दुर्बीणवाल्यांना सुट्टी, आम्हाला नाही. हंसाच्या शेपटीच्या जरा उत्तरेला रोखला. इथे आपण केंद्राच्या बाजूला नाही तर फिरण्याच्या दिशेला आणि थोडं बाहेर बघतोय. वीस मिनिटं सरासरी.

एक टेंगूळ नाही. तीन! पहिलं मोठं शून्याजवळ, दुसरं उणे ४० च्या आसपास (सेकंदाला किमी, उणे म्हणजे आपल्याकडे येणारा), तिसरं बुटकं, उणे ८० च्या पुढे. मधे दऱ्या.

वायू जर ताटलीभर सारखा पसरलेला असता तर एकच लांबडा उतार आला असता. दरी आली म्हणजे त्या वेगाला, म्हणजे त्या अंतराला, वायू कमी. पहिलं टेंगूळ आपलं घर, मृगाचा छोटा हात. दुसरं ययातीचा हात. तिसरं त्याच्याही पलीकडचा बाहेरचा हात. पुतणी आलीच होती, तिला बोलावून दाखवलं. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत होती, मग दुधाच्या ग्लासाच्या बुडाने एकेक टेंगूळ झाकून बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे आपण भिंतीच्या पलीकडे कोण बोलतंय ते आवाजावरून ओळखतोय." एवढं चांगलं मला सुचलं नसतं.

२५ ऑक्टोबर

शर्मिष्ठेच्या पुढे, केंद्रापासून १३५ अंश. मराठी नावांची मजा बघा, शर्मिष्ठा, देवयानी, ययाती तिघं आकाशात पण शेजारीच, आणि आज शर्मिष्ठेच्या मागे ययातीचा हात सापडला. भांडण चालू असणार.

टेंगळं दोन स्पष्ट. दुसरं उणे ४५. आता सपाट आलेख हाताशी आहे, त्यावरून अंतर काढता येतं, इतक्या वेगाचा वायू केंद्रापासून किती लांब असला पाहिजे आणि मग आपल्यापासून किती. उत्तर आलं साडेतेरा हजार प्रकाशवर्षं. कागदावर ठिपका मारला. जाम खूश होऊन झोपलो.

२ नोव्हेंबर

खुशी उतरली. याच दिशेला ययातीच्या हातात तारे जन्मताहेत अशी एक जागा आहे, तिचं अंतर पॅरॅलॅक्सने मोजलेलं आहे. पृथ्वी सूर्याच्या या बाजूला असताना आणि सहा महिन्यांनी त्या बाजूला असताना जागा किती सरकते ते बघायचं, शुद्ध भूमिती, वेगाचा संबंधच नाही. अमेरिकेतल्या लांब लांब पसरलेल्या रेडिओ डिशेस जोडून केलेलं ते माप २००६ मधे आलं: सुमारे ६,४०० प्रकाशवर्षं.

माझं दुप्पट! आधी वाटलं परत चिन्ह. दोन संध्याकाळी घालवल्या, चिन्ह बरोबर आहे. मग कळलं की ही चूक माझी एकट्याची नाही, वेगावरून काढलेलं अंतर तिथे व्यावसायिकांचंही दुप्पटच येत होतं. कारण गणितात आपण धरून चालतो की वायू केंद्राभोवती नीट गोल फिरतोय. तो तसा फिरत नाहीये. हाताच्या जवळचा वायू गोल वाटेवरून ढळतो, साधारण २० किमीने मागे पडतो आणि आपल्याला जास्त लांबचा वाटतो.

म्हणजे ज्या हाताचं अंतर मोजायचंय त्यानेच फूटपट्टी वाकवलीय. पथकाच्या चालण्याच्या वेगावरून चौक किती लांब ते काढायला गेलो आणि पथक चौकात थबकलेलं. हे मी सप्टेंबरमधे स्वतःच्या डोळ्यांनी बघून इथे लिहून ठेवलं होतं, तरी गणित करताना विसरलो.

पहिला ठिपका खोडला नाही, लाल केला. खरा हिरवा, शेजारी.

१६ नोव्हेंबर

रात्री एक. थंडी. सारथी आणि वृषभाच्या मधे, अग्नी ताऱ्याजवळ, म्हणजे केंद्राच्या बरोब्बर विरुद्ध. एकच टेंगूळ, उंच, अरुंद, शून्यावर. इथे सगळे हात आपल्याला आडवे पळतात, आपल्याकडे नाही की लांब नाही, त्यामुळे जवळचे लांबचे सगळे एका गठ्ठ्यात. वेगळे काढता येत नाहीत. पुतणीच्या नकाशात या दिशेला रिकामी पाचर राहणार, केंद्राच्या दिशेला पण. १९५८ मधे ऊर्ट, कर आणि वेस्टरहाउट यांनी हॉलंड आणि ऑस्ट्रेलियाची मापं जोडून जो पहिला मोठा नकाशा छापला त्यात केंद्राच्या बाजूला अशीच पाचर कोरी आहे. चांगल्या संगतीत आहोत.

७ डिसेंबर

मागच्या काही दिवसांत सगळ्यांनी मला एकच बातमी फॉरवर्ड केली, आईने पण. आपल्या पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या डेटात अलकनंदा नावाची स्पायरल शोधली. नाव नदीचं, मंदाकिनीची बहीण म्हणून, हिंदीत आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात. विश्व जेमतेम दीडशे कोटी वर्षांचं असतानाची ही दीर्घिका, आणि दोन व्यवस्थित हात, त्यावर मण्यांसारखे ताऱ्यांचे झुबके. इतक्या लवकर एवढी घडी बसलेली स्पायरल असेल असं फारसं कोणी धरून चाललं नव्हतं. ३० हजार प्रकाशवर्षं रुंद, म्हणजे आपली आकाशगंगा हिच्या जवळपास तिप्पट. तिचे हात फोटोत सरळ दिसतात, बाहेरून बघतोय ना.

नकाशाची स्थिती: एका मोठ्या कार्डशीटवर पुतणीने सूर्य, केंद्र आणि २३ ठिपके मांडलेत. ययातीच्या हाताचे सात ठिपके एका वाकड्या रेघेत येतात असं तिचं म्हणणं, मला पाचच येताना दिसतात. उरलेला अर्धा भाग, त्रिशंकू आणि नरतुरंगाकडचा, पुण्यातून क्षितिजाजवळ दिसतो, आणि दक्षिणेला समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी आड येते. त्यांच्या गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असते. कोजागिरीला ते आमच्याकडे भेळ खाऊन गेलेत, सोमवारी जाऊन विचारतो.